चावडीवरचा ज्ञानकोश आणि सुरत



या शाळेच्या संस्थापक गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने अशा प्रसंगी एखाद्या कवीवर वा संतावर बोलावे, अशी साहजिक अपेक्षा असते. मी मात्र आज ज्यांची नावे बहुधा कोणासच ठाऊक नसतात, अशा माणसांविषयी बोलणार आहे. ज्ञानकोशातील नोंदी मोबदला न घेता लिहिणारी, दुसऱ्याने लिहिलेल्या नोंदी तपासणारी, चुकीचे साल दुरुस्त करणारी ही माणसे होत. आज संगणकावरील विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशामुळे हा वर्ग डोळ्यांत भरण्याइतका मोठा झाला आहे. परंतु त्याचा वंश जुना आहे, आणि त्या वंशाच्या एका शाखेचे मूळ आपल्या या तापीकाठच्या गावात आहे.

सुरतेच्या शैक्षणिक इतिहासात मराठी आणि गुजराती ही दोन घरे फार पूर्वीपासून शेजारी नांदत आली आहेत. मराठी भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे काही वर्षे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. येथील दुर्गाराम मेहताजी या शिक्षकाबरोबर त्यांनी १८४४ साली मानवधर्मसभा स्थापन करण्यात पुढाकार घेतला. एक मराठी वैयाकरण आणि एक गुजराती पंतोजी एकत्र बसून जादूटोण्याची, जातिभेदाची चिकित्सा करीत होते, ही गोष्ट सुरतेतील मराठी शाळेने अभिमानाने सांगावी अशी आहे. त्या सभेच्या वेळी याच गावात जन्मलेला एक मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. तो नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजेच कवी नर्मद.

नर्मदाची ओळख आपणांस ‘जय जय गरवी गुजरात’ या गीताचा कर्ता म्हणून आहे. ते गीत मुळात एका शब्दकोशाच्या आरंभी छापले गेले, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही. तो कोश म्हणजे ‘नर्मकोश’. गुजराती शब्दाचा अर्थ गुजरातीतच सांगणारा पहिला मोठा कोश तो हाच. पंचवीस हजारांवर शब्द, आणि ते जमवणारा मनुष्य एक. १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय नर्मदाने केला होता. १८६० नंतर कोशाचे भाग बाहेर पडू लागले. पूर्ण ग्रंथ हाती यायला १८७३ साल उजाडले. त्या काळात कर्ज वाढत गेले. कोणत्याही सरकारने, संस्थानिकाने वा विद्यापीठाने हे काम त्याच्यावर सोपवलेले नव्हते. आपल्या भाषेला कोश नाही, ही उणीव त्याच्या मनाला लागली आणि ती आपणच भरून काढावी असे त्याने ठरवले. स्वयंसेवक या शब्दाचा याहून सरळ अर्थ मला ठाऊक नाही. १८८२ साली निरुपायाने त्याला पुन्हा नोकरी पत्करावी लागली.

शब्दकोश आणि ज्ञानकोश यांत भेद आहे, हे विद्यार्थ्यांनी येथेच समजून घ्यावे. शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो. ज्ञानकोश वस्तूची, व्यक्तीची, घटनेची माहिती सांगतो. नर्मदाने या दुसऱ्या वाटेवरही पाऊल टाकले होते. त्याचा १८७० चा ‘नर्मकथाकोश’ हा पुराणेतिहासांतील व्यक्तींचा परिचय करून देणारा ग्रंथ आहे. मराठीत रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा ‘भरतखंडाचा प्राचीन ऐतिहासिक कोश’ १८७६ साली निघाला. दोघांची परस्परांशी ओळख होती की नव्हती, हा प्रश्न येथे गौण आहे. एकाच दशकात दोन शेजारभाषांना एकच भूक लागली होती, एवढे पुरे. शिवाय नर्मदाने सुरतेचा छोटा इतिहासही लिहून ठेवला. गावाचा इतिहास गावातल्याच माणसाने, गावच्या भाषेत लिहावा, हा त्यातील विचार मला आजही मोलाचा वाटतो. त्याकडे मी शेवटी येणारच आहे.

नर्मदानंतर या मार्गावरील सर्वांत मोठी व्यक्ती डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर ही होय. १८८४ साली रायपूर येथे जन्मलेले, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झालेले हे गृहस्थ परत आल्यावर सुखाची प्राध्यापकी धरते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी धरली ज्ञानकोशाची वाट. नागपुरास ज्ञानकोश मंडळ काढले, त्याचे भाग विकले, पुढे बिऱ्हाड आणि कचेरी पुण्यास हलवली, आणि १९२० नंतरच्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड मराठी वाचकांपुढे ठेवले. वर्गणीदार मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. एका हाताने वेदकालाची नोंद लिहायची आणि दुसऱ्या हाताने पावतीपुस्तक फाडायचे, असा तो संसार होता. पहिले पाच प्रस्तावनाखंड तर जवळजवळ स्वतंत्र ग्रंथच आहेत, आणि त्यांत संपादकाची मते पानोपानी डोकावतात. आजच्या ज्ञानकोशाच्या नियमांत ती खपली नसती. मला मात्र ती वाचताना आनंद होतो. वाद घालायला समोर एक माणूस बसला आहे असे वाटते. तरीही कोशाचा नियम म्हणून आजचाच नियम बरा, हे मी मान्य करतो.

केतकरांनी गुजरातीतही ज्ञानकोश काढण्यास घेतला होता. तो पूर्णत्वास गेला नाही. गुजराती भाषेला संपूर्ण विश्वकोशासाठी बरीच वाट पाहावी लागली. धीरुभाई ठाकर यांच्या संपादनाखाली अहमदाबादच्या गुजराती विश्वकोश ट्रस्टने १९८९ पासून २००९ पर्यंत पंचवीस खंड सिद्ध केले. इकडे मराठी विश्वकोशाला शासनाचे पाठबळ लाभले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस बसून त्याची घडी घातली आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. दरम्यान मूळचे गोव्याचे महादेवशास्त्री जोशी ‘भारतीय संस्कृतिकोशा’चे दहा खंड जवळजवळ एकहाती रचत होते. राजाश्रय, लोकाश्रय आणि एकट्याचा हट्ट, अशा तीन वाटांनी आपल्याकडे कोश झाले. त्यांत हट्टाची वाट सर्वांत खडतर. केतकरांची शेवटची वर्षे पैशाच्या ओढाताणीत गेली आणि १९३७ साली ते वारले.

हा हट्ट आपल्याच मातीत उगवतो असे नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दीदरोच्या संपादकत्वाखाली जो प्रसिद्ध विश्वकोश झाला, त्यातील सुमारे सतरा हजार नोंदी शेव्हालिए द जोकूर या एकाच सद्गृहस्थाने लिहिल्या. त्याबद्दल वेतन नाहीच; उलट लेखनिकांचा पगार भागवण्यासाठी त्याने आपले घर विकले. ते घर विकत घेतले कोणी, तर त्याच विश्वकोशावर पैसा मिळवणाऱ्या मुद्रकाने! दीदरोचे नाव जगाला ठाऊक आहे. जोकूर कोश चाळणाऱ्यांनाच माहीत.

आता विकिपीडियाकडे वळतो. २००१ साली इंग्रजीत सुरू झालेल्या या ज्ञानकोशाची मराठी आवृत्ती २००३ च्या महाराष्ट्रदिनी, १ मे रोजी सुरू झाली. गुजरातीची तिच्या मागोमाग आली. आज मराठीत नव्वद हजारांवर लेख आहेत. गुजरातीत त्यांच्या सुमारे एकतृतीयांश. या आकड्यांवरून कोणी मिशांना पीळ देऊ नये. मराठीतील पुष्कळ लेख दोन-तीन ओळींचे आहेत आणि कित्येक गावांच्या लेखांत गावाच्या नावापलीकडे फारसे काही नाही. तथापि जे आहे ते पगारी माणसांनी लिहिलेले नाही. बँकेतील कारकून, अभियंता, गृहिणी, परदेशी गेलेला विद्यार्थी, निवृत्त शिक्षक असे लोक रात्रीच्या फावल्या वेळात ते लिहितात.

मला या मंडळींच्या शब्दयोजनेचे विशेष कौतुक वाटते. इंग्रजीत जेथे सर्वसाधारण चर्चा चालते, त्या पानाला मराठीत ‘चावडी’ म्हणतात आणि गुजरातीत ‘चोतरो’. गावच्या पारावरची, ओट्यावरची ती जागा संगणकात जशीच्या तशी उचलून ठेवली आहे. नवशिक्याने लिहून पाहावे, पुसावे, पुन्हा लिहावे, यासाठी जे पान असते त्याचे मराठी नाव ‘धूळपाटी’. पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवीत. गुजरातीत अशा जुन्या शाळेला ‘धूळी निशाळ’च म्हणत. दुर्गाराम मेहताजींनी ज्या पद्धतीच्या शाळा पाहिल्या असतील, त्यांचा शब्द एकविसाव्या शतकात असा पुन्हा कामाला लागला. भाषेवर प्रेम असल्याखेरीज असे शब्द सुचत नाहीत.

हे काम चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. मी स्वतः गेली काही वर्षे त्यात थोडाबहुत हात घालतो, म्हणून माहितीने बोलतो. लेखात कोणासही बदल करता येतो. पण प्रत्येक बदलाची नोंद राहते. ‘इतिहास’ या खुणेवर बोट ठेवले की त्या लेखाचे पहिल्यापासूनचे सर्व पाठ एकामागून एक दिसतात: कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द काढला आणि कोणता घातला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर संस्थेने सिद्ध केली, तेव्हा पंडितांना देशभरच्या पोथ्या जमवून पाठभेद टिपावे लागले आणि त्यात जवळजवळ अर्धे शतक गेले. येथे पाठभेद आपोआप टिपले जातात. पाठचिकित्सा शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे पाहून हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. लिहिणाऱ्याने स्वतःचे संशोधन वा मत तेथे मांडायचे नाही. छापील, विश्वसनीय आधार द्यायचा. आधार नसला तर वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण पडते आणि काही काळाने ते वाक्य कोणी काढूनही टाकतो. मी ज्या पिढीत वाढलो, तीत मोठ्यांपुढे ‘कशावरून?’ असे विचारणे उद्धटपणाचे समजत. येथे सोळा वर्षांचा मुलगा सत्तरीच्या प्राध्यापकाला तेच दोन शब्दांत विचारतो, आणि प्राध्यापकाला उत्तर द्यावे लागते.

हा नियम कागदावर सोपा दिसतो. त्याची कसोटी पाहायची असेल तर सुरतेइतके योग्य ठिकाण नाही; कारण मराठ्यांच्या इतिहासातील एक अभिमानाचा प्रसंग आणि सुरतेच्या इतिहासातील एक दुःखाचा प्रसंग हे दोन्ही एकच आहेत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. ही नोंद कशी लिहावी?

शीर्षकापासूनच अडचण सुरू होते. ‘लढाई’ म्हणावे, तर लढाई अशी झालीच नाही. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर मोकळे पडले. ‘लूट’ हा शब्द मराठी शालेय पुस्तकांतून रूढ आहे. तरी २०२४ साली त्याच शब्दावरून महाराष्ट्रात राजकीय वाद पेटला. ‘स्वारी’ म्हणावे, तर सुरतेचा वाचक म्हणेल, आमची घरे जळाली ती तुम्ही शब्दाआड लपवता. माझ्या मते ज्ञानकोशाने रूढ शब्द घ्यावा आणि त्याखाली घडले ते क्रमवार सांगावे. शब्द मऊ केल्याने महाराजांची थोरवी वाढत नाही, आणि तो अधिक बोचरा केल्याने सुरतेला न्याय मिळत नाही.

मग तारीख. इंग्रजांच्या वखारीतील कागदांप्रमाणे महाराज शहराबाहेर येऊन पोहोचले तो दिवस बुधवार, ६ जानेवारी. डचांची वखारही तेव्हा येथेच होती. त्यांच्या पंचांगाने तोच बुधवार १६ जानेवारीचा येतो. यात कोणाचीही चूक नाही. इंग्लंडात तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालू होते, डच व्यापाऱ्यांनी नवे ग्रेगोरियन स्वीकारले होते, आणि दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. त्यातही एक गुंता असा की, इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्यांच्या कित्येक कागदांवर या प्रसंगाचे साल १६६३ असे आढळते. हे ठाऊक नसलेला उत्साही संपादक येतो, एका पुस्तकाच्या आधारे तारीख बदलतो. दुसरा दुसऱ्या पुस्तकाच्या आधारे ती पालटतो. आणि दोघेही एकमेकांना इतिहासद्रोही ठरवतात. शांतपणे एक वाक्य लिहून दोन पंचांगांचा खुलासा करणारा तिसरा मनुष्य भेटला की वाद मिटतो. कोशाला असा तिसरा मनुष्य हवा असतो.

आता प्रत्यक्ष घटना. मुघल फौजांनी, विशेषतः शायिस्ताखानाच्या मुक्कामात, तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख उजाड केला होता. त्याची भरपाई बादशहाच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करणे, हा या स्वारीचा हेतू होता. हे सांगितल्याखेरीज नोंद अपुरी राहते. सुभेदाराकडून बोलणी करण्यास आलेल्या तरुणाने महाराजांवर खंजिराचा वार करण्याचा प्रयत्न केला, हेही त्या वेळच्या इंग्रज लिखाणात आहे. त्याच लिखाणात असेही आहे की, त्यानंतर कैद्यांपैकी काहींना ठार करण्यात आले, काहींचे हात तोडण्यात आले, आणि शहराचा मोठा भाग आगीत गेला. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग या धनाढ्य व्यापाऱ्यांची घरे लुटली गेली. फादर अँब्रोज या ख्रिस्ती धर्मगुरूचा मठ मात्र सोडून देण्यात आला, आणि दानशूर म्हणून नाव असलेल्या एका मृत हिंदू दलालाच्या घरालाही धक्का लागला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो.

एखाद्याला यातील पहिल्या दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात आणि पुढच्या दोन गाळाव्याशा वाटतात. दुसऱ्याला नेमके उलट. मोह दोघांनाही होतो. नोंद खरी ठरते ती सर्व गोष्टी एका जागी, ज्याने त्या सांगितल्या त्याच्या नावानिशी ठेवल्यावर. इंग्रज पाद्री एस्कॅलियट हा त्या दिवसांत सुरतेत होता आणि त्याने महिना संपण्यापूर्वी पत्र लिहून हकीकत कळवली; बर्निये ऐकून लिहितो; सभासदाची बखर तीस वर्षांनंतर जिंजीस लिहिली गेली. तिघांचे वजन सारखे नाही. पाद्री जवळून पाहतो, पण तो इंग्रज वखारीच्या भिंतीआड आहे आणि आपल्या माणसांच्या शौर्याविषयी त्याला प्रेम आहे. सभासद दूर आहे, पण मराठ्यांचा हेतू त्याला आतून ठाऊक आहे. लुटीच्या रकमेचे आकडे प्रत्येकाचे निराळे. शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली पुण्यात महाराजांसंबंधीचे इंग्रजी कागद एकत्र छापले, तेव्हापासून ही तुलना मराठी माणसाला घरबसल्या करता येते. तेवढे कष्ट न घेता लिहिणारे अजून बरेच आहेत.

ऑक्टोबर १६७० मधील दुसऱ्या स्वारीलाही हेच लागू आहे. तिचा विस्तार करीत नाही. परतताना वणी-दिंडोरीस दाऊदखानाशी झालेली लढत मात्र खरी लढाई होती, तेथे तो शब्द शोभतो.

असे लिहिणे पूर्वीही सोपे नव्हते आणि आता ते निर्धोकही राहिलेले नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. त्या मजकुराचे समर्थन करण्याचे मला कारण नाही. परंतु संभाजी महाराजांची बखरींनी आणि नाटकांनी विकृत केलेली प्रतिमा यापूर्वी दुरुस्त झाली, ती कशाने? वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे कागद धुंडाळून १९६० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्राने, आणि कमल गोखले यांच्या १९७१ च्या ‘शिवपुत्र संभाजी’ या ग्रंथाने. फिर्यादीने एखादे वाक्य पुसले जाईल. लोकांच्या मनातली समजूत बेंद्रे-गोखले यांच्या पानांनीच पालटली. शिवाय पोलिसांची धास्ती घेऊन जो लेखणी खाली ठेवतो, तो बहुधा काळजीपूर्वक लिहिणाराच असतो. बेफिकीर लिहिणाऱ्याला टोपणनाव बदलायला किती वेळ लागतो?

इतिहासाच्या मानाने निसर्गाच्या नोंदी निवांत असतात, असे वाटेल. तेथे तंटे कमी खरे, पण नावांचा गोंधळ फार. आपल्या पलीकडेच डांगचे जंगल आहे. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. डांगी बोली मराठीची की गुजरातीची, हा वाद त्या वेळी गाजला होता. झाडांना त्या वादाची दाद नाही. मराठीतला पळस गुजरातीत खाखरो होतो, मोहाचे झाड महुडो, ऐन तो सादड. आणि डांगमधला माणूस यांपैकी कोणते नाव घेईल हे पाड्यागणिक बदलते. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ रचताना वनवासी बोलींतील पक्षिनामे कष्टाने टिपली. तसे कष्ट वनस्पतींसाठी डांगमध्ये कोणी घेतले तर मुक्त ज्ञानकोशाला फार मोठा लाभ होईल. तेथे पुनर्निर्देशन नावाची एक सोय आहे. कोणत्याही नावाने शोधले तरी वाचक त्याच झाडापाशी येऊन पोहोचतो. छापील कोशात यासाठी प्रत्येक वेळी ‘पाहा’ असे लिहून पाने खर्ची घालावी लागत.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सगळा प्रपंच केला, तेथे येतो. सुरतेविषयी ज्ञानकोशांत काय आहे? मुघल बंदर आहे, इंग्रज-डच वखारी आहेत, महाराजांच्या स्वाऱ्या आहेत. मराठ्यांची चौथाई, सोनगडचे गायकवाड, १८०० साली इंग्रजांच्या हाती गेलेला नवाबाचा कारभार, हेही थोडेफार आहे. हिरे आहेत, कापड आहे, १९९४ चा प्लेग आहे. काय नाही? लिंबायत, उधना, दिंडोली येथील वस्त्यांत राहणारा खानदेशी मराठी माणूस नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून मागांवर, गिरण्यांत आणि हमालीच्या कामावर जी कुटुंबे सुरतेस आली, त्यांची आता तिसरी पिढी येथे शिकत आहे. आपल्यासमोर बसलेल्या मुलांपैकी पुष्कळांच्या घरी अहिराणी बोलली जाते, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी. चार भाषा सांभाळणाऱ्या या समाजाविषयी ज्ञानकोशात एक धड परिच्छेद सापडत नाही.

एखादा विद्यार्थी म्हणेल, मग मी लिहितो. माझ्या आजोबांना सगळे ठाऊक आहे. येथेच तो दुसरा नियम आडवा येतो. आजोबांची आठवण हा ज्ञानकोशाच्या दृष्टीने आधार नव्हे. छापील काय आहे ते दाखवा. आणि छापील जवळजवळ काहीच नाही. हा नियम अन्यायाचा आहे का? ज्यांच्याकडे छापखाने होते, त्यांचा इतिहास आधारयुक्त ठरतो आणि ज्यांच्याकडे नुसते हात होते, त्यांचा निराधार राहतो. हे खरेच आहे, आणि मला ते बोचते. तरीही नियम सैल करावा असे मला वाटत नाही. तो सैल झाला, तर १६६४ च्या नोंदीत उद्या कोणाच्याही पणजोबांची आठवण येऊन बसेल. नियमाला धरून यातून मार्ग काढायचा, तर आजोबांची आठवण आधी कोठेतरी नीट तपासून, तारीखवार, जबाबदारीने छापली गेली पाहिजे. राजवाड्यांनी हेच केले. १८९८ पासून त्यांनी खेड्यापाड्यांतील दप्तरे छापायला सुरुवात केली नसती, तर आज मराठ्यांच्या इतिहासाच्या कितीतरी नोंदींपुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण पडली असती.

अशा छपाईसाठी विद्यापीठच हवे असे नाही. शाळेची स्मरणिका, मंडळाचा रौप्यमहोत्सवी अंक, व्याख्यानाची पुस्तिका यांतून आलेला लेख तपासून लिहिलेला असेल, तर तो पहिली पायरी म्हणून उपयोगी पडतो. पुढच्या अभ्यासकाला त्यावरून ग्रंथ लिहिता येतो, आणि ग्रंथावरून ज्ञानकोशाला नोंद. कोणत्याही जुन्या मराठी शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाचे जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय आणि पूर्वीची शाळा यांचे रकाने असतात. एवढ्या रकान्यांवरून कोणत्या सालापासून अमळनेरची मुले येऊ लागली, शिरपूर-साक्रीची केव्हा वाढली, वडिलांच्या व्यवसायात ‘शेती’ कधी मागे पडली आणि ‘मागावर काम’ कधी आले, हे कळू शकते. नावे छापण्याचे कारण नाही, छापूही नयेत. गाव, साल आणि व्यवसाय पुरेत.

नववीच्या मुलांनी दर शनिवारी दोन तास बसून, वर्गशिक्षकांच्या देखरेखीखाली, हे रकाने सालवार उतरवावेत, अशी सूचना मी मुख्याध्यापकांपुढे ठेवली आहे. एका मुलाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे आणि तिसऱ्याने मुळाशी ताडून पाहावे. पोथी नकलून घेण्याची हीच जुनी रीत होती. अक्षर लागत नसेल तेथे अंदाजाने न लिहिता जागा मोकळी सोडावी. काम झाले, तर त्याचे तक्ते पुढील वर्षीच्या या पुस्तिकेत, व्याख्यानाच्या आधी छापावेत, आणि व्याख्यात्याला दोन पाने कमी द्यावीत.